गंज काढावा, लोखंड राखावे



सोन्याला गंज चढत नाही आणि लोखंडाला चढल्यावाचून राहत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण गंज म्हणजे नेमके काय, तो कसा काढावा, आणि मुख्य म्हणजे काढता काढता कुठे थांबावे, हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही सांगता येत नाही. आजच्या भाषणात आपण याच गोष्टीचा विचार करणार आहोत. त्यासाठी उदाहरण घेऊ जुन्या मोटारसायकलीचे, म्हणजे आपल्या फटफटीचे.

कोणी विचारील, फटफटीच का? नांगर, कोयता, विहिरीवरचा पंप ही उदाहरणे काय वाईट आहेत? वाईट मुळीच नाहीत. पण फटफटीत एका जागी साऱ्या धातूंचा मेळा भरलेला असतो. सांगाडा पोलादी नळ्यांचा, इंजिनाचे झाकण अ‍ॅल्युमिनियमचे, कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा, आत काही नळ्या पितळेच्या, चाकांच्या रिमवर निकेल आणि क्रोमचा मुलामा, नटबोल्टांवर जस्ताचा. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आणि औषधही निराळे. फटफटीवर हात बसला की पंप आणि कोयता तुम्हांला जड जाणार नाहीत.

आपल्या देशात १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड कंपनी उभी राहिली आणि बुलेट इथे तयार होऊ लागली. मुंबईच्या रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना काढला. १९६१च्या सुमारास तिथून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या, १९७३ साली त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. १९६२च्या सुमारास राजदूत आली. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात या गाड्या पुष्कळ आल्या. कोणी कारखान्यात कामाला जाण्यासाठी घेतली, कोणी दूध घालण्यासाठी. मालक म्हातारे झाले, गाड्या जिन्याखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या. आता त्यांची मुले आणि नातवंडे त्या बाहेर काढताहेत, आणि पहिला सामना होतो तो गंजाशी.

आता गंज म्हणजे काय ते पाहू. जमिनीतून जे लोहखनिज निघते ते लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग असते. भट्टीत कोळशाच्या साहाय्याने त्यातला प्राणवायू काढून टाकला की लोखंड मिळते. लोखंड जणू ही सक्तीची ताटातूट विसरत नाही. पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की ते पुन्हा प्राणवायूशी संयोग पावते आणि तांबूस, भुसभुशीत पदार्थ तयार होतो. तोच गंज. नुसत्या कोरड्या हवेत लोखंड सहसा गंजत नाही. ज्यात हवा मुळीच विरघळलेली नाही अशा पाण्यातही ते फारसे गंजत नाही. दोन्ही एकत्र आली म्हणजे बिघडते. त्यात मीठ मिसळले तर बिघाड फार वेगाने होतो, कारण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणे ही मुळात एक बारीकशी विजेचीच क्रिया आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अ‍ॅल्युमिनियमवरही प्राणवायूच्या संयोगाने थर बसतो, पण तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो सच्छिद्र असतो, स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तर गंजलेला नट फिरत नाही आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज शिरला की सांधा फुगतो. गंज स्वतःच पुढच्या गंजाची सोय करून ठेवतो.

आमच्या ठाणे-कल्याण भागात या सोयीला काही कमी नाही. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हासची खाडी. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. १९६२ साली ठाण्याला वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत झाली, त्याच दशकात डोंबिवलीची झाली. रासायनिक कारखान्यांच्या धुरातला गंधकाचा अंश दमट हवेत मिसळला की सौम्य आम्ल तयार होते. अशा हवेत ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवलेली गाडी सुरक्षित असते, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात काय होते? जमिनीची वाफ ताडपत्रीखाली कोंडते, रात्री गार पत्र्यावर तिचे थेंब जमतात, आणि गाडी चार महिने आतल्या आत भिजत राहते. वरून छप्पर आणि बाजूंनी वारा, हीच लोखंडाला मानवणारी जागा.

गाडी पुढ्यात आली की लगेच पॉलिशपेपर हातात घेऊ नये. आधी पाहावे. प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढावीत, सुटे भाग डब्यांत घालून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. मग साबणाचे पाणी आणि थोडे रॉकेल किंवा डिझेल घेऊन चिखल व वंगण धुऊन काढावे. पुष्कळदा जे गंज म्हणून दिसते ते वाळलेले तेल आणि धूळच असते, आणि त्याखाली कारखान्यातला मूळ रंग शाबूत सापडतो.

धुतल्यावर उरतो तो खरा गंज. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, वरवरचा गंज. बोटाला तांबूस भुकटी लागते, पण पृष्ठभाग सपाट असतो. दुसरी, खड्डे पडलेला गंज. देवीच्या व्रणांसारखे बारीक खळगे दिसतात. तिसरी, आरपार गेलेला गंज. ही तिसरी पायरी डोळ्याला दिसेलच असे नाही. बॅटरीची बैठक, मागच्या मडगार्डची आतली बाजू, सायलेन्सरचा तळ, सांगाड्याची खालची नळी, या जागी पाणी साचते. तिथे बोथट टोच्याने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा टोचा आत रुतला, तर तिथले लोखंड संपले आहे असे समजावे. अशा सांगाड्याला कितीही झिलई दिली तरी ती गाडी रस्त्यावर आणू नये. आधी जाणत्या कारागिराकडून नळी बदलून घ्यावी. नळी रस्त्यात मोडली तर चालवणाऱ्याच्या जिवावर बेतते.

आता औषधांकडे वळू. वैद्य आधी काढा देतो आणि शस्त्रक्रिया शेवटी सांगतो, तसाच क्रम इथेही ठेवावा. सौम्य उपायापासून सुरुवात करावी आणि तो चालला नाही तरच पुढची पायरी चढावी. याचे कारण असे की गंज काढण्याची प्रत्येक रीत गंजाबरोबर थोडा धातूही नेते. गेलेला धातू परत येत नाही.

सर्वांत सौम्य उपाय म्हणजे तेल आणि धीर. जाम झालेल्या नटावर पातळ तेल सोडून त्याला दोन-तीन दिवस भिजू द्यावे. घाईने पाना लावला तर नटाचे कोपरे झिजतात, नाहीतर बोल्ट तुटतो.

त्यापुढचा उपाय स्वयंपाकघरातला आहे. आपल्या आया-आज्या तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासत आल्या, त्यामागे हेच शास्त्र आहे. चिंचेतले आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवते. लोखंडाच्या गंजासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, अधिक सोयीचे. १ लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम लिंबूसत्त्व प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवावे, आणि वंगण पूर्ण काढलेला पोलादी भाग त्यात बुडवावा. दर दोन-तीन तासांनी बाहेर काढून ब्रशने घासून पाहावे. वरवरचा गंज काही तासांत सुटतो, जुना असेल तर रात्रभर लागते. पण विसरून आठवडाभर ठेवू नये. गंज संपल्यावर आम्ल चांगले लोखंड खाऊ लागते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावे, स्वच्छ धुवावे, लगेच कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवावा. हे "लगेच" महत्त्वाचे आहे. आमच्या दमट हवेत उघडे पडलेले लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होते.

एक सावधगिरी. लिंबूसत्त्वात अ‍ॅल्युमिनियमचे भाग, जस्ताच्या मिश्रधातूचा कार्ब्युरेटर किंवा जस्ताचा मुलामा दिलेले नटबोल्ट टाकू नयेत. आम्ल जस्ताला लोखंडाच्याही आधी खाते.

तिसरा उपाय विजेचा. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन लिटरमागे एक लहान चमचा धुण्याचा सोडा घालावा. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा भंगार तुकडा धन टोकाला जोडावा, आणि दोन्ही एकमेकांना चिकटू न देता पाण्यात सोडावेत. काही तासांत गंज सैल होऊन काळ्या गाळाच्या रूपाने सुटतो. या रीतीचा गुण असा की चांगले लोखंड जवळजवळ जागच्या जागी राहते. मात्र चार नियम कसोशीने पाळावेत. हे काम उघड्यावरच करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगीने त्याचा भडका उडतो. टबात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. अ‍ॅल्युमिनियम यात घालू नये, सोड्यात ते विरघळते. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातल्या क्रोमियमपासून अत्यंत विषारी द्रव्य पाण्यात उतरते, आणि ते कर्करोगाला कारण होते.

स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट यांना आम्ल आणि वीज दोन्ही वर्ज्य समजावीत. या क्रियांत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. वरून सुंदर दिसणारी स्प्रिंग भर रस्त्यात तुटू शकते. असे भाग ब्रशने आणि तेलाने स्वच्छ करावेत, किंवा नवे घालावेत.

जिथे भाग बुडवता येत नाही, उदाहरणार्थ सांगाडा, तिथे फॉस्फरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण लावतात. ते उरलेल्या गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते आणि काळपट थर धरतो. हा थर काही आजचा शोध नव्हे. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचा अंश बराच आहे, आणि त्यामुळे त्याच्यावर फॉस्फेटचा संरक्षक पापुद्रा तयार झाला, असे कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. दिल्लीची हवा बरीच कोरडी, हेही त्याच्या पथ्यावर पडले. म्हणून आपल्याकडे फॉस्फेटवर भागत नाही. त्यावर प्रायमर आणि रंग हवाच.

शेवटी येते यंत्राने घासणे आणि दाबाच्या हवेने कण मारून साफ करणे. हे काम कारखान्यात होते. तिथे कोरडी वाळू मारत असतील तर दूर राहा. तिच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. काचेचे बारीक मणी वापरणारा कारखाना शोधावा. जुना रंग घरी घासायचा झाल्यास पाणी लावून घासावा, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याचा फार संभव असतो.

आता चकाकीची गोष्ट. रिम, हँडल, सायलेन्सर यांवरचा क्रोम पाहून पुष्कळांना वाटते की तो जाड पत्रा आहे. खरे म्हणजे क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याच्याखाली निकेलचा त्याहून बराच जाड थर, आणि त्याखाली पोलाद. क्रोम स्वतः गंजत नाही. त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पोलादापर्यंत पोचते आणि खालचा गंज ठिपक्यांच्या रूपाने वर येतो. हे ठिपके पॉलिशपेपरने घासणे म्हणजे डाग काढण्यासाठी शालूला कात्री लावणे होय. स्वयंपाकाच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा करावा, साबणाच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावे. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही, आणि गंज मात्र निघतो. मग पुसून मेण लावावे. बारीक खळगे राहतील, ते राहू द्यावेत.

इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियम झाकणाला झिलई देता येते. पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा वॉटरपेपर, मग ६००, ८००, १००० असे चढत जावे. एका नंबरने आडवे घासले तर पुढच्याने उभे घासावे. आधीचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नये. शेवटी कापडी चाकावर मसाला लावून बफ करतात. इथेच हात आवरावा लागतो. बफचे चाक कोपरे गोल करते, झाकणावरची उठावाची अक्षरे पुसट करते. पूर्वी तलवारींना धार आणि पाणी देणारे शिकलगार गावोगाव हिंडत. पात्याची चकाकी वाढवताना त्याची धार आणि घाट जाऊ न देणे, यातच त्यांचे कसब होते. आरशासारखे चमकणारे पण अक्षरे गेलेले झाकण पाहिले की त्या कसबाची आठवण होते. आणि हो, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी जिथे साठली असेल तिथे लोखंड घासून ठिणग्या पाडू नका. भुकटी भयंकर पेट घेते.

पेट्रोलच्या टाकीला वेगळा सांभाळ लागतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. तिच्यावर घरी डाग किंवा वेल्डिंग करू नये. आतला गंज लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढता येतो, पण त्याआधी पेट्रोल काढून टाकी पुन्हा पुन्हा साबणाने धुवावी. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून टाकीत जुने पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवून गाडी उभी करू नये.

आणि सांगाड्यावरचा व इंजिनावरचा नंबर? तिथे घासणीचे कामच नाही. तेल लावून मऊ ब्रशने स्वच्छ करावे. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांत अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे आपण जे म्हणतो आहोत तेच कायदाही सांगतो. नंबर पुसला गेला तर गाडीची ओळखच पुसली जाते.

श्रोतेहो, गंज काढल्यावर बादलीत जे पाणी उरते त्याचे काय? अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर इ. स. १०६०च्या शिलालेखाचे. ते ज्या वालधुनी नदीच्या काठी उभे आहे तीच नदी पुढे उल्हासनगर आणि कल्याणमधून खाडीला मिळते. २०१४च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला तिच्या पात्रात टँकरने रासायनिक घाण सोडली गेली आणि शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. आपली एक बादली म्हणजे टँकर नव्हे, हे खरे. पण नदीला आपली आणि त्यांची निराळी ओळखता येत नाही. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात फेस थांबेपर्यंत सोडा घालावा, गाळ खाली बसू द्यावा, गाळ वाळवून वेगळा ठेवावा. हे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नये. जुना क्रोम उतरवून नवा चढवण्याच्या कामात तर विषारी क्रोमिक आम्ल वापरतात. ते घरी कधीच करू नये, आणि कारखान्यात द्यायचे तर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यातच द्यावे. जुना क्रोम फॉइलने घासून चालवून घेतला तर तेवढे विष कमी तयार होते.

शिक्षक मित्रांना एक सोपा प्रयोग सुचवतो. चार काचेच्या बाटल्या आणि चार खिळे घ्या. पहिलीत साधे पाणी, झाकण उघडे. दुसरीत उकळून हवा घालवलेले पाणी, वर गोडेतेलाचा थर. तिसरीत फक्त कोरडी हवा, आत सिलिका जेलची पुडी, आणि बूच घट्ट. चौथीत मिठाचे पाणी, झाकण उघडे. आठ दिवस रोज मुलांना पाहून वहीत लिहायला सांगा. मग गंजलेला खिळा लिंबूसत्त्वात टाकून वजन आधी आणि नंतर करा. वजन का घटले, आणि घटलेल्या वजनात निव्वळ गंज किती नि लोखंड किती, हा प्रश्न मुलांपुढे ठेवा. पुस्तकातले समीकरण त्यांना मग कोरडे वाटणार नाही.

शेतकरी बंधूंसाठी वर्षाचे दोन दिवस मनात धरून ठेवावेत. मृगापूर्वी नांगराचा फाळ, कोयते, पंपाचे बोल्ट आणि घरात फटफटी असेल तर तिचे उघडे लोखंड, सर्वांना तेलाचा हात द्यावा. पाऊस ओसरल्यावर खंडेनवमीला आपण हत्यारांची आणि वाहनांची पूजा करतोच. त्या दिवशी हळदकुंकू वाहण्यापूर्वी प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून पाहावी, गंजाची पहिली तांबूस खूण दिसली की तिथल्या तिथे पुसून तेल लावावे. पहिल्या पायरीवरचा गंज फडक्याने जातो. तिसऱ्या पायरीवरच्याला लोखंडच द्यावे लागते.

जुनी वस्तू नवी दिसावी ही हौस स्वाभाविक आहे. पण ५० वर्षे कामाला आलेल्या गाडीच्या पत्र्यावर एखादा खळगा, क्रोमवर एखादा ठिपका राहिला तर त्यात कमीपणा नाही. गंज थांबला, लोखंड मजबूत राहिले, अक्षरे वाचता आली आणि नदीत विष गेले नाही, म्हणजे काम चांगले झाले असे समजावे.